बुधवारचे मटण, गुरुवारचे सोयाबीन

गुरुवार, दिनांक १७ एप्रिल २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. फ्रीजरमधील पाकिटे : अकरा.

संख्या बरोबर होती, आकार बरोबर नव्हता. सोमवारी संध्याकाळी मी स्वतः ती पाकिटे फ्रीजरच्या तळाशी एकावर एक, विटांसारखी सपाट रचली होती. आता ती कशीही कोंबलेली होती आणि दगडासारखी कडक होती. एका पाकिटाच्या पोटात दुसऱ्याचा कोपरा बोटभर रुतला होता आणि दोन्ही त्याच अवस्थेत गोठली होती. खालच्या पाकिटांत एका बाजूला तपकिरी पाणी उतरून त्याचा वेगळा बर्फ झाला होता. गोठलेली वस्तू वाकत नाही. ती वाकलेली आढळली, तर मधल्या काळात ती मऊ झाली होती आणि कोणीतरी ती पुन्हा गोठवली होती, याखेरीज दुसरे अनुमान निघत नाही.

फ्रीजर मी वेगळ्याच कामासाठी उघडला होता. आमच्या आकुर्डीच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते आणि नेमकी त्याच दिवशी विजेच्या तारांची देखभाल काढतात. सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच निरोप आला होता : सकाळी दहा ते दुपारी चार लाईट नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या कौशल्याबाईंना लागतील तेवढी पाकिटे काढून द्यावीत आणि उरलेल्यांवर बर्फाच्या बाटल्या रचून दार घट्ट लावावे, एवढाच माझा बेत होता.

पाकिटांत खिमा होता. तो बोकडाचा नव्हता. सोयाबीन आणि वाटाण्याच्या प्रथिनांपासून तयार केलेला होता. तो घरात येण्याचे कारण माझी सून विजयश्री. तिला सातवा महिना होता आणि डोहाळे लागले होते ते खिम्याचे. एरवी यात अडचण काही नव्हती. तिचे माहेर चाकणजवळच्या खेड्यातले, आमचे मूळ मराठवाड्यातले. दोन्ही घरांत मटण शिजते. परंतु डोहाळजेवण गुरुवारी ठेवणे भाग होते, कारण निम्मे नातेवाईक कारखान्यांत कामाला आणि सगळ्यांना मिळून मोकळा असा एकच वार, गुरुवार. आणि गुरुवार हा दोन्हीकडे देवाचा वार. त्या दिवशी घरात अंडेही फुटत नाही. डोहाळे तर पुरवलेच पाहिजेत. माझा मुलगा ज्ञानेश याने वाकडच्या एका मॉलमधून ही पाकिटे आणली आणि पेच सुटला असे सर्वांना वाटले. पाकिटावर बोकडाचे चित्र होते आणि बोकडाच्या अंगावर हिरवे पान. पाठीमागे बारीक अक्षरांत सूचना होती : उणे अठरा अंशांवर ठेवावे, एकदा वितळल्यानंतर पुन्हा गोठवू नये.

मी फ्रीजरचे दार लावले आणि हॉलमध्ये गेलो. माझी पत्नी इंदू जमिनीवर बसून मोगऱ्याचा बाजूबंद ओवत होती.

"इंदू, पाकिटे बाहेर कोणी काढली होती?"

"कुठली पाकिटं?"

"अकरा आहेत. त्यांतल्या कुठल्याही एकाचे सांग."

तिने सुई दातात धरली. "अहो, आज तरी सकाळी सकाळी इन्स्पेक्शन नको."

"मी विचारले त्याचे उत्तर दे."

"विहीणबाईंनी काढली होती. काल संकष्टी होती ना. मोदकाचं सारण करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं मी. त्या बर्फ घ्यायला गेल्या, वरचं दार उघडलं, तर समोर बोकड. म्हणाल्या, गणपतीच्या नैवेद्यापाशी मटण ठेवलंय होय?"

"वरचा कप्पा वेगळा आहे. त्याला दार वेगळे आहे."

"तेच मी म्हटलं त्यांना. तर त्या म्हणाल्या, दारं दोन असली तरी आतला वारा एकच की."

"मग?"

"मग त्यांनी सगळी बादलीत घातली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. वर ओला टॉवेल टाकला होता, तसंच नव्हतं सोडलं."

"किती वाजता?"

"तीनच्या सुमाराला. चंद्रोदय झाला, सगळ्यांची जेवणं झाली, मग मी गुपचूप परत आत ठेवली."

आमची गॅलरी पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी उभे राहता येत नाही. तीन ते दहा म्हणजे सात तास ती पाकिटे तिथे बादलीत पडून होती.

"हे मला काल रात्री का सांगितले नाहीस?"

"तुम्ही असेच उभे राहिला असता म्हणून. लेकीचं डोहाळजेवण करायला आलेली बाई, पहिल्याच दिवशी तिला बोलायचं का? परत ठेवली आहेत ना. झाली की कडक."

झाली की कडक. चौतीस वर्षे मी आकुर्डीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली आणि या एका वाक्याशी मी त्या चौतीस वर्षांत जेवढा भांडलो, तेवढा कुणाशीच भांडलो नाही. वरून ठीक दिसते, म्हणजे ठीक आहे. रंग लावला की तडा दिसत नाही, म्हणजे तडा नाही. मी ज्ञानेशला उठवले.

ज्ञानेश चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागातच आहे. ब्रेकचे सुटे भाग तपासतो. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी तो भाग बाजूला काढून ठेवतो आणि पुरवठादाराला फोनवर असा झापतो, की ऐकणाऱ्याला पुरवठादाराची दया यावी. हा मनुष्य डोळे चोळत स्वयंपाकघरात आला, पाकिटाचा वाकलेला कोपरा त्याने अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, "बाबा, सोयाबीन आहे हो ते. मटण असतं तर गोष्ट वेगळी होती."

"गोष्ट वेगळी कशी होती ते सांग."

"मटण नासतं. हे म्हणजे सोयावडीच की एक प्रकारची."

"सोयावडी डब्यात वर्षभर राहते, कारण ती कोरडी असते. यात पाणी आहे, तेल आहे, प्रथिने आहेत. जंतूंना बोकड लागत नाही, ज्ञानेश. त्यांना ओलावा लागतो आणि ऊब लागते. दोन्ही गोष्टी त्यांना काल सात तास मिळाल्या."

एव्हाना सारजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. विजयश्रीच्या आई. पदर खोचलेला, हातात नारळ सोलायची पहार. त्यांच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नव्हते. जमीन कारखान्याला गेल्यावरही दोन म्हशी ठेवून रोज पहाटे धार काढणारी ही बाई. आळस तिला माहीत नाही. पण त्या क्षणी मला त्यांच्या हातातली पहारसुद्धा सहन होत नव्हती.

"काय झालं पाव्हणं? माझ्यावरनं चाललंय व्हय?"

"विहीणबाई, हा माल बाद झाला आहे. तो वापरता येणार नाही."

"बाद कशानं? पिशवी फोडली का कुणी? जशीच्या तशी हाय. वास घ्या की."

"वास येणार नाही. ते गोठलेले आहे. मला सांगा, वाटलेली डाळ तुम्ही चैत्रातल्या दुपारी सात तास उन्हात ठेवाल का?"

"डाळ फुगती. आंबती. आपलं आपल्याला कळतंय ती गेली म्हून. ह्यो इंग्रजी माल हाय, ह्यात औषिध घातल्यालं आसतंय."

"काल दुपारी तुम्ही तो मटण म्हणून बाहेर काढलात."

"बोकडाचं चितार हाय त्याच्यावर. मला काय सपान पडलं?"

"आणि आज तो सोयाबीन आहे, म्हणून खराब होत नाही."

"आता सोयाबीन हाय तर सोयाबीनच म्हणायचं. तुमीच सगळी म्हणताय ना सोयाबीन हाय म्हून. मला काल सांगितलं आसतं तर मी कशाला हात लावला आसता?"

बुधवारी दुपारी जी वस्तू नैवेद्यापाशी ठेवण्याइतकी शाकाहारी नव्हती, ती गुरुवारी सकाळी नासण्याइतकी मांसाहारी उरली नव्हती. ज्या नियमाने ती बाहेर गेली, तो सोयीने सोडून दिला होता, आणि ज्या नियमाने ती टाकून द्यायला हवी, तो तिला लागूच नाही असे ठरले होते. आणि हे सगळे कोणाच्या पोटासाठी चालले होते, तर सातव्या महिन्यात असलेल्या बाईच्या. धडधाकट माणसाला जुलाब झाले तर तो दोन दिवस पडून राहील. तिच्या पोटात दुसरा जीव होता. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बजावले होते : शिळे नको, अर्धे कच्चे नको, बाहेरचे नको. तो कागद या फ्रीजच्याच दारावर लोहचुंबकाने लावलेला होता.

बाहेर हॉलमध्ये सारजाबाईंचे यजमान बबनराव चहा पीत बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "पाव्हणं, पेन्शनीत गेलासा, पर डूटी काय सुटली न्हाई तुमची."

सगळे हसले. ज्ञानेशही हसला. इंदू ओवत असलेल्या फुलांकडे बघून हसली.

मी कचऱ्याची काळी पिशवी घेतली, अकराच्या अकरा पाकिटे तिच्यात टाकली, तोंडाला गाठ मारली आणि दाराबाहेर जिन्यापाशी नेऊन ठेवली. सफाई कामगार अकराला येऊन तिथून कचरा उचलतात. "पनीर आण," मी ज्ञानेशला म्हटले. "तिला खिमा हवा असेल तर पनीर कुस्करून त्यात वाटाणे घाला. विषय संपला."

"आणतो बाबा," ज्ञानेश म्हणाला. "तुम्ही शांत व्हा आधी. बीपी वाढेल."

कारखान्यात नापास मालाचा एक नियम असतो. तो नुसता बाजूला ठेवायचा नाही. त्यावर लाल रंग ओढायचा, हातोड्याने दोन घाव घालायचे, शक्य असेल तर कापून टाकायचा. म्हणजे घाईच्या वेळी कोणी तो उचलून पुन्हा गाडीला लावणार नाही. मी पिशवीला गाठ मारली. पाकिटे फोडली नाहीत. आपल्या घरात त्याची गरज पडेल असे कोणाला वाटते?

आणखी एका गोष्टीवर मात्र त्या सकाळी सर्वांचे एकमत झाले आणि त्यात मीही होतो. विजयश्री न्हाणीघरात होती. तिला यातले अवाक्षर कळू द्यायचे नाही. अशा दिवसांत बाईच्या कानावर नासले, बाद झाले असले शब्द घालू नयेत. तिचे मन प्रसन्न राहिले पाहिजे. आम्ही पाचही जण स्वयंपाकघराचे दार ओढून कुजबुजत होतो आणि ती बाहेर आल्यावर गप्प झालो.

दहाला लाईट गेली. मला चिंचवडला पाठवण्यात आले : भाड्याच्या खुर्च्या, फुलांच्या वेण्या आणि एका वयस्क मावशींना स्टेशनवरून आणणे. मी परत आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लिफ्ट बंद होती. मावशींचा हात धरून तीन मजले चढेपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला. जिन्यापाशी पिशवी नव्हती. सफाई कामगारांनी नेली असणार, असे मी धरून चाललो.

दार उघडताच वास आला. खोबरे, लसूण आणि काळ्या मसाल्याचा, तेल सुटलेल्या खिम्याचा वास. पनीरला असा वास येत नाही.

हॉलमध्ये बायकांची पंगत बसली होती. पंखे बंद, हातांत पुठ्ठे, सगळ्यांचे चेहरे घामाने चमकत होते. समोर, रांगोळी काढलेल्या पाटावर विजयश्री. हिरवी साडी, हिरवा चुडा, मनगटाला आणि दंडाला इंदूने ओवलेला मोगरा. औक्षण नुकतेच आटोपले होते. ताटात पाच वाट्या होत्या आणि मधल्या वाटीत तो होता. तिने भाकरीचा तुकडा मोडला होता, वाटीत बुडवला होता, आणि कितीतरी महिन्यांनी एखाद्या माणसाला मनासारखे मिळाले म्हणजे चेहरा जसा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता.

मी चपला न काढता रांगोळीवरून गेलो.

"घास खाली ठेव," मी म्हटले, आणि तिच्यापुढचे ताट उचलले.

गर्भार बाईच्या पुढचे वाढलेले ताट. मला माहीत आहे ते काय असते. माझ्या आईने असे करणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. पंगतीत कोणाच्या तरी हातातला पुठ्ठा खाली पडला. विजयश्रीच्या हातातला घास हातातच राहिला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"कौशल्याबाई," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटले, "हा खिमा कशाचा?"

कौशल्याबाई हात पुसत आल्या. "पाकिटांचा, काका. विजूताईंच्या आईंनी पिशवीतनं काढून दिली. मी विचारलं, बाहेर कशी होती म्हणून, तर ज्ञानेशदादा म्हणाले, टाका, चांगली आहेत."

ज्ञानेश दारात उभा होता. "बाबा, पनीर मिळालं नाही. आजूबाजूला सगळीकडे लाईट नाही, दुकानदार म्हणाला सकाळचंच आहे, गॅरंटी देत नाही. आणि हे वीस मिनिटं रटरटा उकळलंय. काही राहत नाही त्यात."

मी त्याच्याकडे पाहिले. "पनीर दोन तास थंडाव्याबाहेर राहिले म्हणून तू घेतले नाहीस."

त्याने मान वळवून स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडे पाहिले.

"उकळल्याने जंतू मरतात. त्यांतल्या काहींनी आधी सोडून ठेवलेले विष उकळून जात नाही. कारखान्यात तू हा प्रश्न विचारला असतास, की नापास भाग पुन्हा धुऊन घेतला तर चालेल का?"

"बाबा, हे घर आहे. कंपनी नाही."

"म्हणून घरात कमी काळजी घ्यायची?"

सारजाबाई पंगतीतून उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "सोन्यासारखं अन्न पिशवीत घालून कचऱ्यात टाकलंत. ते मी उचललं, त्याची मला लाज न्हाई. आमी रानात सांडलेला दाणा येचून आणणारी माणसं. पर गर्भारणीच्या म्होरलं ताट उचलायचं? वैरी बी आसं करत न्हाई, पाव्हणं."

"विहीणबाई, वैऱ्याने ते तिला खाऊ दिले असते."

"मंग मी खाल्लंय की. बघा. ह्या आमच्या दोन्ही बहिणींनी खाल्लंय, ह्या शेजारच्या दुर्गाबाईंनी खाल्लंय. आमच्या मालकांनी तर मघाशीच बशीभर हाणलंय. मेलो का आमी?"

"आता नाही कळणार ते. रात्री कळेल, नाहीतर उद्या."

"म्हंजी तुमी वाटच बघताय."

"थांबा," विजयश्री म्हणाली.

तिने घास रांगोळीच्या कडेला ठेवला. गुडघ्यावर हात टेकून ती सावकाश उठली; कोणी हात द्यायला गेले तर तिने तो घेतला नाही.

"बाबा, काय झालंय त्याला? सरळ सांगा."

मी सांगितले. बादली, गॅलरी, सात तास, पुन्हा फ्रीजर, काळी पिशवी. चार वाक्यांत संपले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी पावणेसातला."

"आई, तुला?"

इंदूकडे प्रश्न गेला होता. ती तिला आईच म्हणते. इंदू म्हणाली, "काल रात्रीच. पण अगं, तुला त्रास नको म्हणून."

"आणि ज्ञानेश, तुला सकाळपासून माहीत होतं आणि तू ते मला वाढायला लावलंस."

"विजू, तुला एवढं खावंसं वाटत होतं. मला वाटलं..."

"मला सहा महिने खावंसं वाटतंय. अजून अडीच महिने न खाता राहिले असते तर काय झालं असतं?" तिचा श्वास वर चढला होता. "सकाळी मी बाहेर आले आणि तुम्ही सगळे एकदम गप्प झालात. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी आणलंय. काहीतरी गंमत आहे."

तिने मनगटाचा मोगरा कोपरापर्यंत वर सारला आणि ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात निम्म्याहून जास्त खिमा शिल्लक होता. तिने ओट्यावरची भांड्यांच्या साबणाची बाटली उचलली, टोपण काढले आणि ती सबंध बाटली पातेल्यात उलटी केली. हिरवा साबण मसाल्याच्या तर्रीवर पसरला. तिने पळी घातली आणि ढवळले.

"आता कुणी उचलून आणणार नाही," ती म्हणाली.

मग तिने ताटलीत वरणभात घेतला, लिंबू पिळले आणि ओट्यापाशीच उभी राहून खाल्ला. पंगतीत परत आली नाही. बायका ओटी भरायला एकेक करून स्वयंपाकघरातच गेल्या.

तिला अक्षय्य तृतीयेनंतर माहेरी न्यायचे ठरले होते. सारजाबाईंनी त्याच संध्याकाळी गाडी बोलावली. इंदू रडली, ज्ञानेशने बॅगा उतरवल्या, बबनराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायकांचं काय मनावर घेऊ नगा, राव." लिफ्ट पुन्हा चालू झाली होती. विजयश्री लिफ्टच्या दारात माझ्यापाशी थांबली. मला वाटले, ती नमस्काराला वाकेल; मी मागे सरलो.

ती वाकली नाही. "बाबा, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "पण माझ्या ताटात काय आहे, हे तुम्ही या घरात सगळ्यांशी बोललात. माझ्याशी नाही. मला सकाळीच सांगितलं असतंत, तर मीच त्याला हात लावला नसता. एवढ्या लोकांपुढे माझ्यापुढचं ताट उचलायची वेळ तुमच्यावर आलीच नसती."

"अशा दिवसांत तुझ्या मनाला..."

"माझ्या मनाला काही होत नाही. पोटाला होतं." लिफ्टचे दार लागले.

मी बराच वेळ जिन्यापाशी उभा होतो. तिच्यावर मला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हते, कारण तिच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती. सकाळपासून मी ज्या ज्या माणसाशी भांडलो, त्याने ते अन्न तिच्या ताटापर्यंत जाऊ दिले होते. ज्या एका माणसाने ते तिथेच थांबवले असते, त्याच्याच तोंडावर आम्ही दार ओढून घेतले होते. रागाचे असे आहे की तो खरा असला म्हणजे पुरेसा वाटतो. तो पुरेसा नव्हता.

त्या संध्याकाळपासून मी खाल्लेल्या सातही जणांची विचारपूस सुरू केली : सारजाबाई, बबनराव, सारजाबाईंच्या दोन्ही बहिणी, दुर्गाबाई, चव बघणाऱ्या कौशल्याबाई आणि आमचे चिरंजीव. उलटी, जुलाब, ताप, पोटात कळ. ज्ञानेश घरातच होता. त्याला मी समोरासमोर विचारत होतो आणि तो समोरासमोर चिडत होता. सारजाबाईंनी पहिल्या फोननंतर उचलणे बंद केले. मग बबनरावांनी दोघांचे उत्तर एकदमच द्यायला सुरुवात केली.

"पाव्हणं, दोन टायमाला जेवतोय, गार झोपतोय. म्हशींना चारा बी टाकून आलो. रोज सकाळी उठून तुमी इचारताय पोट कसं हाय, आता आमालाच तुमची काळजी वाटाया लागलीया."

"विजयश्री कशी आहे?"

"ती मस्त हाय. म्हशीचं दूध पितीया. तुमचा फोन हाय म्हणलं की आत जाती."

शनिवारी रात्री ज्ञानेश सेकंड शिफ्ट संपवून यायचा होता, त्याऐवजी लवकर आला. मी जेवत होतो. तो समोर बसला, ताट वाढून घेतले आणि म्हणाला, "बाबा, झाले दोन दिवस. सात जणांनी खाल्लं. कुणाला साधी ढेकर आली नाही. आता तरी मान्य करा."

"काय मान्य करू?"

"की जरा जास्त झालं. डोहाळजेवण मोडलं, विजू गेली, तिच्या आईंशी संबंध बिघडले. आणि रिझल्ट काय? झिरो."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझा आवाज शेजारी ऐकू गेला असे इंदू नंतर म्हणाली. मला तो वाढलेला जाणवला नाही. "तुझ्या कारखान्यात ब्रेकचा तडा गेलेला भाग चुकून गाडीला लागला, गाडी मुंबईला जाऊन सुखरूप परत आली, तर तो भाग पास झाला असे तू लिहून देशील?"

"तसं नाही, पण..."

"देशील का?"

"नाही."

"मग ज्या ताटात तुझे मूल जेवणार होते, त्याला वेगळा नियम कोणी लावला?"

तो ताटाकडे बघत भात कालवत राहिला, आणि मग, मला अनपेक्षित असे काहीतरी बोलला. "मला तिचा चेहरा बघायचा होता, बाबा. पहिला घास घेतानाचा. बस, एवढंच होतं डोक्यात." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही म्हणता ते कळतं. पण लोकांना झिरोच दिसणार. आईंनाही आणि गावालाही."

ते खरे आहे आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. काही झाले असते तर मी बरोबर ठरलो असतो आणि ते मला नको होते. काही झाले नाही, म्हणून बादली बरोबर ठरली, गॅलरी बरोबर ठरली, कचऱ्यातून उचललेली पिशवी बरोबर ठरली. पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी पुन्हा एखादे पाकीट मऊ होईल, कोणीतरी ते गुपचूप आत सरकवील आणि म्हणेल, मागे त्या आकुर्डीच्या पाव्हण्यांकडे एवढा तमाशा झाला, काय झालं? आमच्या घराचे उदाहरण देऊन म्हणेल.

रविवारी सकाळी मी शेवटची विचारपूस केली. खाल्लेले सात. आजारी पडलेले शून्य.